थंडीत उतरणारी क्लॅरनेट

वरातीत आम्ही सगळ्यांच्या पुढे असतो आणि सगळ्यांत कमी दिसतो. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणं, तरी फोटोवाला नवरदेवाचा फोटो काढताना आम्हाला हातानेच बाजूला सारतो. वऱ्हाडी तर ओरडतात, "ए बँडवाले, दुसरं गाणं लाव!" लाव म्हणे. आम्ही काय मोबाइल आहोत? गाणं आम्ही लावत नाही, फुंकतो. छातीतली हवा घालून फुंकतो. त्या हवेचीच एक गोष्ट सांगायची आहे. नाशिकच्या बँडमध्ये इतकी वर्षं काढली, पण तिच्याइतका आनंद मला दुसऱ्या कशाने झाला नाही. आजही सांगायला लागलो की मी भराभर बोलतो, बायको म्हणते, "अहो, श्वास घ्या."

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला, झाडीपट्टीतला. आठवीत शाळा सुटली. मामाबरोबर नाशिकला आलो तो कारखान्यात चिकटायला. माझं वय पाहून गेटवरच्या माणसाने मला परत पाठवलं. मामा त्याच्या पाळीला गेला आणि मी शहरात एकटा. घाबरट तर मी जन्माचा. रस्ता विसरेन, कुणी रागावेल, रात्री कुठे झोपू, सगळ्याची भीती. भद्रकालीत एका बँडच्या दुकानासमोर क्लॅरनेट ऐकत उभा राहिलो, कारण तिथून हलायची भीती वाटत होती. वाजवणारा माणूस थांबला आणि म्हणाला, "गाणं नंतर ऐक. जेवलास का?"

ते आमचे वस्ताद. नाव उस्मान, पण त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. मी जेवलो नव्हतो. त्या दिवशी त्यांच्या घरी जेवलो, आणि तसं पाहिलं तर अजून तिथेच जेवतो आहे. त्यांनी माझ्या हातात आधी खुळखुळे दिले, मग ट्रम्पेट. नाव ठेवलं भंडाऱ्या. "ए भंडाऱ्या, ताल सोडू नको, ताल सोडला तर गावाकडची गाडी पकडावी लागेल." मी ताल कधी सोडला नाही.

आमच्या धंद्याबद्दल बाहेरच्यांना फार कमी ठाऊक असतं, म्हणून थोडं सांगतो. बँडमध्ये दोन जातीची वाद्यं, कातड्याची आणि फुंकीची. ढोल-ताशा कातड्याचे. गारवा आला की कातडं सैल पडतं, मग काटक्या-कागद पेटवायचे आणि ताशा शेकायचा. तापला की तो कडाडतो. हे शेंबड्या पोरालाही माहीत. फुंकीची वाद्यं म्हणजे ट्रम्पेट, युफोनियम आणि सगळ्यांची राणी क्लॅरनेट. ती काळ्या लाकडाची, तोंडाशी वेळूची पत्ती. वस्तादांचा नियम असा, की ताशा आगीजवळ न्यायचा आणि क्लॅरनेट आगीपासून लांब. "लकडी आहे ती, तडकेल." म्हणून पहाटेच्या सुपारीला, म्हणजे ठरलेल्या कामाला, सगळा बँड शेकोटीभोवती कोंडाळं करून बसायचा आणि क्लॅरनेट एकटी गाडीच्या टपावर, वाऱ्यात.

उन्हाळ्यात वस्ताद आणखी एक करायचे. मे महिन्यातली दुपारची लग्नं, डांबर पायाला चिकटतं अशी. तेव्हा ते क्लॅरनेटचा वरचा जोड नखभर बाहेर ओढायचे आणि तिथे दोरा गुंडाळून घट्ट करायचे. मी विचारलं, "असं का?" तर म्हणाले, "उन्हाळ्यात ती चढते." ताप चढल्यासारखं म्हणाले. हिवाळ्यात तोच जोड पूर्ण आत. त्यांच्या वस्तादांनी त्यांना असंच दाखवलं होतं. का, ते त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुना. पेठकडे एका घरधन्याने भर वरातीत आम्हाला गप्प केलं होतं. का, तर गोठ्यातली म्हैस नुकती व्याली होती. आख्खा बँड लाल कोट घालून चवड्यांवर चालत त्या घरावरून गेला आणि पुढच्या वळणावर जाऊन पुन्हा ढोल. मालेगावकडे एक सासरेबुवा प्रत्येक गाण्यानंतर म्हणायचे, "गाणं झकास शे, पण जरा जोरमा वाजाडा ना भो!" शेवटी ढोलवाल्याची काठी मोडली, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

मग आला कीबोर्ड. डीजेपुढे टिकायचं म्हणून मालक अण्णांनी तो आणला, सजवलेल्या गाडीवर बसवला, वर भोंगे आणि मागे जनरेटर. वाजवायला किरण आला. केसांना जेल, बोटं मात्र लोण्यासारखी. वरातीत आधी कीबोर्ड आणि क्लॅरनेट दोघांनीच संथ गाणं धरायचं आणि नंतर सगळा बँड त्यात कोसळायचा, अशी टूम निघाली. लोकांना आवडली.

पहिल्याच थंडीत वस्ताद म्हणाले, "किरण, तुझी पेटी वर बोलते रे."

"वस्ताद, ही कारखान्यातूनच सुरात येते," किरण हसून म्हणाला. "हिला कान नाहीत, म्हणून ही चुकत नाही."

सगळे हसले. पण खरोखरच दोघांचं जमेना. ऐकायला असं वाटायचं, की एक माणूस रस्त्यावरून चालतोय आणि दुसरा त्याच्या शेजारी गटारातून. दहा-पंधरा मिनिटं गेली की आपोआप जुळायचं. ताशेवाला म्हणायचा, "वस्ताद डिझेल इंजिन आहेत, सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो." वस्तादही हसायचे, पण दर वेळी थोडं कमी. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी "पेटी वर बोलते" म्हणणं सोडून दिलं. मशीन चुकत नाही म्हटल्यावर चुकणारा एकच उरतो.

आणि मग चांदवडचं लग्न. कांद्याच्या व्यापाऱ्याचं घर, दारात गाड्यांची रांग. नवरदेव मारुतीच्या पाराला दर्शनाला गेला तो येईचना. पहाटेचा वारा असा, की नाक आहे की नाही ते चाचपून बघावं. आम्ही शेकोटीशी, क्लॅरनेट टपावर. नवरदेव एकदाचा घोड्यावर बसला, अण्णांनी हात केला, किरणने सूर धरला आणि वस्तादांनी तोंड लावलं. काय सांगू! दातात वाळू यावी तसं झालं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नवरदेवाचा काका, गळ्यात उपरणं, मोठ्याने म्हणाला, "म्हातारबा, दात गेले का सूर गेला? घरी बसा आता, नातवंडं खेळवा!"

वस्तादांनी गाणं पूर्ण केलं. अर्धं सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. परतताना टेम्पोत त्यांनी क्लॅरनेटचे तुकडे सुटे केले, एकेक पुसला, फडक्यात बांधला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"आता तू वाजव, भंडाऱ्या. कान गेला माझा."

"वस्ताद, एका लग्नाचं काय घेऊन बसलात?"

"दुसरा हिवाळा आहे हा. गंगापूर रोडची सुपारी माझ्या नावाने घेतलीये, तेवढी वाजवतो. मग बास."

सगळ्यांना वाटलं, भंडाऱ्याचं नशीब उघडलं, बँडची क्लॅरनेट हातात आली. माझी मात्र झोप उडाली. ज्या माणसाने आपल्याला ऐकायला शिकवलं, त्याचा कान गेला असं तोच म्हणतो, तर मी काय ऐकतोय याचा भरवसा काय? आणि क्लॅरनेटशिवाय वस्ताद म्हणजे काय, हे मला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायरीवर मी ती जोडली आणि किरणला सूर द्यायला सांगितलं. फुंकली. पुन्हा तेच, मी गटारातून. जोड तपासला, तर पूर्ण आत. ओठ आवळून बघितले. किरणने कीबोर्डवरून मान वर केली. "तुझंही तसंच होतंय रे."

वस्ताद साठी ओलांडलेले, मी त्यांच्या पोराच्या वयाचा. एकाच महिन्यात दोघांचे कान जातात का? की क्लॅरनेटला बारीक चीर पडली? दिव्याखाली धरून पाहिली, लाकूड धडधाकट. मग आहे तरी काय? कुणाला विचारावं तेही कळेना. बँडवाल्याने असलं विचारलं तर लोक पुढच्या सुपारीला बोलावणार नाहीत.

त्याच आठवड्यात हरसूलच्या एका शाळेची सुपारी होती, ग्रंथदिंडीची. पुस्तकांची पालखी, पुढे लेझीम आणि आम्ही. किरण आणि कीबोर्ड आले नव्हते, डोंगरातल्या रस्त्याने कोण नेणार. वस्ताद ताप आहे म्हणून घरीच, क्लॅरनेट माझ्याकडे. ताप नव्हता, मला माहीत होतं. कीबोर्ड नव्हता, तर आमचा सूर कसा छान लागला! ट्रम्पेट, क्लॅरनेट, युफोनियम, सगळी भावंडं. आणि तेवढ्या कडाक्याच्या थंडीत. मी वाजवता वाजवता विचारात पडलो.

दिंडी संपल्यावर एका वर्गात विज्ञान प्रदर्शन होतं. तिथल्या विज्ञानाच्या बाई पोरांना काहीतरी समजावत होत्या. त्यांचा चेहरा असा होता, की विचारलं तर हसतील पण हसं करणार नाहीत. चार वेळा दारापर्यंत जाऊन परत आलो. शेवटी बाईंनीच विचारलं, "काय हो, चहा मिळाला नाही का?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. वस्ताद, कीबोर्ड, चांदवडचा काका, माझाही गेलेला कान.

बाई ऐकत गेल्या तसे त्यांचे डोळे मोठे होत गेले. "अहो, किती सुंदर प्रश्न आणलात! चला रे सगळे बाहेर!"

त्यांनी पोरांची एक लांब रांग लावली, पुढच्याच्या खांद्यावर मागच्याचे हात. शेवटच्या मुलीने हलकेच ढकललं. धक्का खांद्याखांद्यांवरून पुढे गेला आणि पहिला पोरगा पुढे झुकला. जागा कुणीच सोडली नव्हती.

"पोरं तिथेच, धक्का पुढे गेला," बाई म्हणाल्या. "हवेत आवाज असाच जातो. ज्या दिशेने धक्का, त्याच दिशेने कणांचं पुढे-मागे होणं. याला अनुतरंग म्हणतात. आता सगळ्यांनी हात सोडा, एकेक वीत अंतर ठेवा. आधी गारठून उभे राहा. धक्का आला की मगच पुढच्याला लावा."

पोरं कुडकुडायचं नाटक करू लागली. धक्का गेला, पण रमतगमत.

"आता जागच्या जागी नाचा! जोरात!"

पोरं नाचायला लागली आणि धक्का सर्रकन पार झाला, कारण प्रत्येक जण आधीच हलत होता, शेजाऱ्याला भिडायला त्याला वेळच लागत नव्हता. एक चिमुरडी ओरडली, "बाई, लय भारी!"

"गरम हवेचे कण असे नाचरे असतात," बाई म्हणाल्या. "म्हणून गरम हवेत आवाज जास्त वेगाने पळतो आणि गार हवेत हळू. तुमच्या क्लॅरनेटमध्ये आवाज आतल्या आत येरझाऱ्या घालतो. वेग वाढला की येरझाऱ्या वाढल्या, सूर चढला. वेग घटला की सूर उतरला."

"पण बाई, मग ट्रम्पेट?"

"ते पण उतरतात. सगळे बरोबर उतरतात, म्हणून कुणाला कळत नाही. कीबोर्डच्या आत हवा कुठे असते? त्याला थंडी वाजत नाही!"

खरंच, इतकी वर्षं हिवाळ्यात आख्खा बँड एकमेकांचा हात धरून खाली उतरत होता आणि उन्हाळ्यात वर चढत होता. कुणी बेसूर नव्हतं, कारण मोजायला कुणी बाहेरचा नव्हता. तो बाहेरचा गाडीवर बसवला आणि पहिला बळी गेला तो सगळ्यांच्या पुढे एकट्याने वाजवणाऱ्याचा.

तरी मी घाबरट तो घाबरटच, पटकन विश्वास बसेना. बाईंनी प्लॅस्टिकच्या नळीचे एका मापाचे दोन तुकडे काढले. एक बाहेर कट्ट्यावर गारव्यात ठेवला, दुसरा खिचडीच्या चुलीवरच्या गरम हवेत धरला. मग खालचं तोंड हाताने बंद करून एकामागून एक फुंकले. चुलीवरची नळी स्पष्ट वर बोलली! मी म्हणालो, "बाई, अदलाबदल करून बघू?" चुलीवरची कट्ट्यावर गेली, कट्ट्यावरची चुलीवर आली. आता दुसरी वर बोलली. मी पुन्हा अदलाबदल केली. खिचडीवाल्या मावशी म्हणाल्या, "दादा, माझी खिचडी करपंल."

"हा धडा नववीच्या पुस्तकात आहे," बाई सहज म्हणाल्या.

नववी! मी आठवीत सुटलेला. शाळा सुटल्याचं दुःख मी कधीच गिळून टाकलं होतं, पण त्या दिवशी ते पुन्हा वर आलं. एकच इयत्ता पुढे गेलो असतो, तर चांदवडला वस्तादांना मान खाली घालावी लागली नसती. पण हेही खरं, की शाळा सुटली नसती तर वस्ताद भेटले नसते. त्या चुलीपाशी मला हसूही येत होतं आणि रडूही.

नाशिकला परतलो तो टेम्पोतून उडी मारून वस्तादांच्या घरी. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"वस्ताद, कान गेला नाही! हवा गार आहे! शाळेतल्या बाईंनी दाखवून दिलं!"

"दया करतोस माझ्यावर?" ते वळलेसुद्धा नाहीत. "शाळेत जाऊन मास्तरणीची साक्ष घेऊन आलास?"

"बरं, मला एक सांगा. पेटी वर बोलते, हे पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"मी."

"कान गेला असता तर तुम्हाला ते ऐकू कसं आलं असतं? आम्ही तर मशीनच्या भरवशावर हसत बसलो होतो."

ते उठून बसले. खुंटीवरची शाल खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "चल."

दुकानाशेजारी चहाची टपरी, तिच्या मागची खोली भट्टीने भट्टीसारखीच तापलेली. किरणने कीबोर्ड तिथे आणला. वस्तादांनी खोलीत बसूनच क्लॅरनेट जोडली आणि चहा होईपर्यंत शालीत घेऊन बसले. मग वाजवली. चपखल! किरणची बोटं थांबली. मग क्लॅरनेट मागच्या अंगणाच्या कठड्यावर ठेवली, वाऱ्यात. आणखी एक चहा. वस्तादांनी ती उचलली, पहिला सूर लावला आणि किरणने काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाले, "उतरली." पुन्हा शालीत. पुन्हा एक चहा. "चढली."

त्यांनी क्लॅरनेट मांडीवर ठेवली.

"म्हणजे पेटी वरच बोलत होती."

"हो वस्ताद," किरण म्हणाला.

"मी बोललो होतो."

"हो वस्ताद."

"पहिल्याच थंडीत बोललो होतो मी!"

आणि ते असे हसले, की टपरीवाला भांडी टाकून बघायला आला. किरणने त्यांचे पाय धरले. त्यांनी त्याच्या जेल लावलेल्या केसांवर टपली मारली आणि हात शालीला पुसला.

पण शालीत गुंडाळलेली क्लॅरनेट उघड्यावर काढली की पुन्हा गारच होणार. फुंकून फुंकून तापेपर्यंत काय करायचं? ते कोडं किरणने सोडवलं. कीबोर्डच्या पोटात एक सेटिंग असतं, आख्खा सूर बारीक बारीक वर-खाली सरकवायचं. त्याला ते ठाऊक होतं, वापरायची गरज कधी वाटली नव्हती. "मशीन चुकत नाही, पण वाकतं," तो म्हणाला.

गंगापूर रोडची सुपारी. वस्तादांची शेवटची म्हणून ठरलेली. सकाळी रस्त्यावर धुकं. मी घरून निघताना क्लॅरनेट माझ्या स्वेटरच्या आत घेतली होती, लहान लेकरासारखी. नवरदेव मारुतीला गेला आणि त्यानेही वेळ लावला, पण ती माझ्या पोटाशी उबेत. माझं काळीज इतकं धडधडत होतं, की वस्ताद म्हणाले, "भंडाऱ्या, तिला ताल शिकवू नको, तिला येतो."

मग त्यांनी ती घेतली, दोनदा आतून नुसती गरम फुंकर घातली आणि एक सूर धरला. किरण मशीनकडे बघत नव्हता, वस्तादांकडे बघत होता. एका बोटाने तो कीबोर्ड खाली आणत गेला, आणत गेला. वस्तादांची मान हलली. तिथे.

दोघांनी गाणं उचललं. रस्ता थांबला म्हणतात ना, तसं झालं. फोटोवाल्याने पहिल्यांदा कॅमेरा आमच्याकडे वळवला. एक म्हातारी गॅलरीतून हात जोडून ऐकत होती. गर्दीत एक पाहुणे दुसऱ्याला म्हणत होते, "हा माणूस पुढच्या लग्नाला पाहिजे." मी ट्रम्पेट तोंडाला लावायचं विसरलो. अण्णा गाडीवरून ओरडले, "भंडाऱ्या, झोपला का?"

वस्तादांचे डोळे मिटलेले होते. ते वाजवताना नेहमीच मिटतात. वरात झाडांच्या सावलीतून वळली. आणि वाजवता वाजवता, डोळे न उघडता, त्यांनी भुवया वर उचलल्या. किरणने कीबोर्ड केसभर वर नेला. दोन घरं गेली, पुन्हा भुवया वर. पुन्हा केसभर.

गाणं संपलं. मी जवळ जाऊन विचारलं, "काय झालं वस्ताद?"

त्यांनी डोळे उघडले आणि क्लॅरनेटच्या काळ्या लाकडावरून हात फिरवला.

"ऊन आलं," ते म्हणाले. "पुढची सुपारी कधी आहे?"